तेलाच्या जुन्या विहिरीतलं उरलेलं तेल आवाजानं आन् गॅसनं काढतात हे खरं काय? आमच्या बोअरचा प्रश्न आहे

संत्रा_मोर्शी
नमस्कार मंडळी. मी मोर्शी तालुक्यातला, चार एकर संत्रा आहे आन् दोन बोअर, एक साडेसातशे फूट आन् दुसरा नऊशे, दुसऱ्याचं पाणी मागच्या उन्हाळ्यापासून असं झालं का अर्धा तास चालते आन् मंग हवा ओकते. मागच्या आठवड्यात एक माणूस गावात आला होता, लॅपटॉप घेऊन. त्याचं म्हणणं असं का विदेशात तेलाच्या जुन्या विहिरीत ध्वनिलहरी सोडतात, वरून गॅस दाबतात आन् मेलेली विहीर परत तेल द्याले लागते, तीच मशीन तो बोअरमधी सोडून देते, एका बोअरचे चाळीस हजार. बाबा तयार झाले आहेत, मी थांबवून ठेवलं.

माझा लहान भाऊ मेहसाण्याकडे तेलाच्या विहिरीवर ठेकेदारीत कामाले आहे, वर्कओव्हर रिगवर, म्हणजे जुन्या विहिरी दुरुस्त करणाऱ्या रिगवर. त्याले फोन केला तर तो म्हणे दादा गॅसचं खरं आहे, आमच्या इकडे तर जमिनीत हवा दाबून खालचं तेल पेटवतात, पण आवाजाचं मी काही पाह्यलं नाही. आता जमिनीखाली तेल पेटवतात हे ऐकून मी अजूकच गोंधळलो. कोणी या कामातलं असन तर समजावून सांगा, चाळीस हजार म्हणजे आमच्यासाठी एका बहाराच्या खताचा पैसा आहे.

जुना_रिगवाला
भाऊ, थांबवलं ते चांगलं केलं. मी वणीचा, पण नोकरी सगळी गुजरात आणि आसामच्या तेलपट्ट्यात गेली, आता रिटायर होऊन गावी आहे. सावकाश सांगतो कारण यात खरं आणि खोटं असं एकमेकांत मिसळलेलं आहे की नुसतं "फसवणूक" म्हणून भागत नाही.

पहिली गोष्ट, जमिनीखाली तेलाचा तलाव नसतो. तेल वाळूच्या खडकात असतं, खडकाच्या कणांच्या मधल्या बारीक बारीक पोकळ्यांत, जसं ओल्या विटेत पाणी असतं तसं. विहीर खोदली की खालचा दाब तेलाला वर ढकलतो, सुरवातीला आपोआपही येतं, मग दाब उतरतो आणि पंप लावावा लागतो. अशा नुसत्या दाबावर एकूण तेलाचा साधारण १० टक्के भाग निघतो. मग बाजूच्या विहिरीतून पाणी दाबतात, ते तेलाला पुढे ढकलत आणतं, त्यानं २० ते ४० टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे चांगलं काम करूनही निम्म्याहून जास्त तेल खडकातच राहतं. आपला देश लागणाऱ्या तेलाच्या ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो आणि इकडे आपल्याच विहिरींत निम्मं पडून आहे, म्हणून या विषयाच्या मागे माणसं लागलेली आहेत. मी स्वतः त्यात आयुष्य घातलं.

आता ते तेल का राहतं? पंप कमजोर आहे म्हणून नाही. पाणी दाबल्यावर तेलाची सलग धार तुटते आणि थेंब थेंब होऊन पोकळीत अडकते. पोकळी रुंद, तिचा गळा अरुंद. त्या गळ्यातून जायचं तर थेंबाला लांबट व्हावं लागतं आणि पाणी आणि तेल यांच्यामधला पृष्ठताण त्याला तसं होऊ देत नाही. हिशोब करून पाहा, गळा १० मायक्रॉनचा धरला, म्हणजे केसाच्या जाडीचा सातवा हिस्सा, तर त्या एका थेंबाला ढकलायला साधारण १२,००० पास्कल दाबाचा फरक लागतो. म्हणजे चार फूट पाण्याचा दाब, आणि तोही बाजरीच्या दाण्याहून लहान थेंबाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एवढा उतार जमिनीखाली कुठून येणार. पाणी मग थेंबाला वळसा घालून बाजूच्या वाटेनं निघून जातं.

सरकी_ढेप
रिगवाले काका, हे वाचून मला आमची ऑइल मिलच डोळ्यासमोर आली. मी खामगावकडचा, वडिलांपासून सरकीच्या धंद्यात. एक्सपेलरमधून सरकी कितीही दाबा, ढेपेत ६-७ टक्के तेल राहतेच, जास्त दाबलं तर मशीन गरम होते, ढेप जळते पण तेल काही निघत नाही. मग सॉल्व्हंट प्लांटवाले तीच ढेप घेतात, हेक्झेन टाकून धुतात आणि एक टक्क्याच्या खाली आणतात. दाबून जे निघत नाही ते विरघळवून निघते. तुमचा गॅस म्हणजे तसंच काही आहे काय?

जुना_रिगवाला
अगदी तेच! इतकं नेमकं तर मला कधी पोरांना शिकवतानाही सुचलं नाही. दाबणं वेगळं आणि धुऊन काढणं वेगळं.

तेलात मिसळणारा गॅस म्हणजे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. ३१ अंशांच्या वर तापमान आणि ७४ बारच्या वर दाब असला की हा गॅस ना धड गॅस राहतो ना धड पाणी, दाट होतो पण पळतो गॅससारखा. जमिनीत साधारण ८०० मीटरच्या खाली ही परिस्थिती आपोआप मिळते. तिथे तो हलक्या तेलात मुरतो, तेल फुगतं, पातळ होतं, आणि दाब पुरेसा असला तर दोघं पूर्ण एकजीव होतात. एकजीव झाले की मधला पृष्ठताणच संपला, मग तो चार फुटांचा हिशोबही संपला, अडकलेला थेंब सुटतो. आणि तुमच्या हेक्झेनसारखंच, वर आलेल्या तेलातून गॅस वेगळा करून पुन्हा खाली सोडतात.

हे काही प्रयोगशाळेतलं नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये सॅक्रॉक नावाच्या क्षेत्रात १९७२ पासून चालू आहे. कॅनडात वेबर्नला २००० पासून, तिथे तर गॅस अमेरिकेतल्या कोळशापासून गॅस बनवणाऱ्या कारखान्यातून सव्वातीनशे किलोमीटर पाइपलाइननं आणतात. मेक्सिकोनं कांतारेल क्षेत्रात २००० साली नायट्रोजन दाबायला सुरवात केली आणि २००४ ला तिथलं उत्पादन रोजच्या २१ लाख बॅरलच्या आसपास गेलं होतं, पुढं ते जोरात घसरलं हेही सांगितलं पाहिजे, नायट्रोजननं दाब टिकवला, तेल नवीन तयार केलं नाही. आपल्याकडे गुजरातेत कोयली रिफायनरीचा कार्बन डायऑक्साइड गंधार तेलक्षेत्रात न्यायचा करार ओएनजीसी आणि इंडियन ऑइलमध्ये २०१९ ला झाला.

मोर्शीच्या भाऊंचा भाऊ सांगतो तेही खरं आहे. मेहसाण्याला बालोल आणि सांथल म्हणून क्षेत्रं आहेत, तिथलं तेल इतकं घट्ट की पाण्यानं हलतच नाही. तिथे खाली हवा दाबतात, थोडं तेल खडकातच जळतं, त्या उष्णतेनं बाकीचं पातळ होतं आणि जळालेला धूर त्याला पुढे ढकलतो. ओएनजीसीनं हे अनेक वर्षं चालवलं, साधं काम नाही, हवेतला प्राणवायू न जळता पलीकडच्या विहिरीत पोचला तर स्फोट होऊ शकतो म्हणून तिथे सारखं गॅस तपासत राहावं लागतं. धाकट्याला सांगा, त्या कामावर गॅस डिटेक्टर चालू आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यानं पाहिल्याशिवाय जवळ जायचं नाही.

आर्वीची_बाई
काका मी आर्वीला विज्ञान शिकवते. एक शंका. आमच्याकडे बोअरवर कंप्रेसर लावतात, हवा खाली सोडली की पाणी उसळत वर येतं, मुलं विचारतात की तेच का हे. मला वाटतं दोन्ही वेगळं आहे पण नीट सांगता येत नाही.

जुना_रिगवाला
ताई वेगळंच आहे. कंप्रेसरची हवा पाइपातच राहते, पाइपातला पाण्याचा खांब बुडबुड्यांनी हलका होतो म्हणून वर येतो. तेलातही तसंच करतात, त्याला गॅस लिफ्ट म्हणतात. त्यानं विहिरीत आलेलं तेल वर येतं, खडकात अडकलेलं सुटत नाही. मी बोलतो आहे तो गॅस दुसऱ्या विहिरीतून खडकात घालतात, महिनोन्‌महिने, आणि तो खडकातून चालत चालत आपल्या विहिरीकडे येतो. त्यातही अडचण आहे, गॅस पातळ असल्यामुळे तेलातून बोटं फुटल्यासारखा फटी शोधत पळतो आणि सगळ्या तेलाला न भेटताच बाहेर येतो. म्हणून थोडा गॅस थोडं पाणी असं आलटून पालटून सोडतात, पाणी त्याला आवर घालतं.

काळी_माती_यवतमाळ
हे गॅसचं समजलं काका पण धागा आवाजाचा आहे, त्या माणसाची मशीन आवाजाची आहे. त्याच्यावर या.

जुना_रिगवाला
येतो. काल लाइट नव्हती.

आवाजाची गोष्ट भूकंपापासून सुरू होते. जुलै १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात कर्न काउंटीला मोठा भूकंप झाला, त्या भागात तेलाच्या विहिरी भरपूर. भूकंपानंतर काही विहिरींचं तेल वाढलं, काहींचं घटलं. लोकांच्या लक्षात आलं की हादऱ्याचा आणि प्रवाहाचा काही संबंध आहे. मग रशियात आणि अमेरिकेत पुष्कळ प्रयोग झाले, १९९४ ला बेरेस्नेव्ह आणि जॉन्सन यांनी तोवरच्या सगळ्या कामाचा आढावा घेतला होता, तो आमच्या लोकांत बराच फिरला.

कल्पना अशी. पेरताना तिफणीच्या नळ्यात बी अडकलं की आपण नळ्याला टिचकी मारतो. थेंब गळ्याशी अडकला आहे, मागून पाण्याचा थोडा दाब आहे पण पुरेसा नाही. लहर आली की एका क्षणी दाब थोडा वाढतो, पुढच्या क्षणी तेवढाच कमी होतो. वाढला त्या क्षणी जर तो अडथळ्याच्या पलीकडे गेला तर थेंब गळ्यातून सुटतो, आणि एकदा सुटला की दाब कमी झाल्यावर परत मागे येत नाही कारण प्रवाह पुढे आहे. शास्त्र म्हणून यात काही खोटं नाही, काचेच्या नळीत, खडकाच्या तुकड्यात हे दिसतं.

अडचण अंतराची आहे. आवाज जितका बारीक तितका खडकात लवकर मरतो. २० किलोहर्ट्झची अल्ट्रासाउंड, म्हणजे कानाला ऐकू न येणारा बारीक आवाज, विहिरीच्या भिंतीपासून फार तर हातभर जाते. दहावीस हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला दहावीस कंपनांची, जाड लहर लांब जाते, किलोमीटरही जाते, पण तिथे पोचेपर्यंत तिच्यात टिचकी मारण्याएवढा जोर उरत नाही. भूकंपाकडे जोर असतो, आपल्या मशीनकडे नसतो.

लहर_हर्ट्झ
रिगवाले काका, आदर ठेवून असहमत. मी दर्यापूरचा, मेकॅनिकल झालो आणि यावरच प्रोजेक्ट केला होता. तुम्ही आवाजाला जरा जास्तच मोडीत काढता आहात. जमिनीवरून व्हायब्रेटर लावून, विहिरीत हातोड्यासारखं यंत्र बसवून फील्डवर प्रयोग झाले आहेत आणि काही ठिकाणी तेलात पाण्याचं प्रमाण कमी होऊन तेल वाढल्याची नोंद आहे. हे काम केमिकलपेक्षा स्वस्त आहे, जमिनीत काही विषारी सोडावं लागत नाही, आणि जुन्या लहान विहिरी ज्यांना गॅसची पाइपलाइन कधीच परवडणार नाही त्यांच्यासाठी हा एकच रस्ता उरतो. काही ठिकाणी चाललं नाही म्हणून विषय बंद करायचा हे मला पटत नाही. प्रत्येक खडकाचा स्वभाव वेगळा.

जुना_रिगवाला
तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि तुमच्यासारख्या पोरांनी यात राहावं असंच मला वाटतं. "काही ठिकाणी वाढलं, काही ठिकाणी नाही" हेच तर मी म्हणतो आहे. वाढलं तिथे का वाढलं हे आधी सांगता येत नाही तोवर मी कोणाकडून पैसे घेऊन हमी देणार नाही. सॅक्रॉकला गॅस सोडताना किती तेल वाढेल याचा अंदाज आधी बांधता येतो, आवाजाचा बांधता येत नाही. फरक एवढाच, पण तो मोठा आहे.

आता एक जागा सांगतो जिथे दोन्ही एकमेकांच्या कामी येतात. कार्बन डायऑक्साइड तेलात मुरला की तेलातला डांबरासारखा जड भाग, अॅस्फाल्टीन, खाली बसू लागतो. तो नेमका विहिरीच्या तोंडाशी, जिथून सगळं तेल आत येतं तिथे थर धरतो. मेणही तसंच बसतं. गॅसनं लांबचं तेल सोडवून आणलं आणि दाराशीच कुलूप लागलं अशी गत होते. तिथे अल्ट्रासाउंड चालते कारण तिथे हातभरच जायचं असतं! घड्याळजी, सोनार साफ करायला वापरतात तोच प्रकार. गॅस लांबचं काम करतो, आवाज दाराशी झाडतो. उलट लांबच्या कामात दोघं एकमेकांच्या आड येतात, खडकात गॅसचे बुडबुडे थोडे जरी असले तरी लहर त्यात फार लवकर शोषली जाते.

लहर_हर्ट्झ
बुडबुड्यांचा मुद्दा मान्य. आमच्या टाकीतल्या प्रयोगातही पाण्यात हवा राहिली की सिग्नल पडायचा, आम्ही आधी पाणी उकळून घ्यायचो. दाराशी झाडण्याबद्दल पूर्ण सहमत.

घुग्घुस_धूळ
मधात बोलतो. आमच्या घरावर रोज कोळशाची काळी भुकटी बसते, पोरीले दमा आहे. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं, तिथून निघणारा सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड तेलासाठी का नाही नेत? निदान तेवढा तरी जमिनीत जाईन.

जुना_रिगवाला
दादा, मुलीची काळजी घ्या, आधी तेच. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला मनापासून "हो" द्यावंसं वाटतं पण नेमकं सांगतो. चिमणीच्या धुरात सीओटू साधारण १२ ते १५ टक्केच असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. तो रसायनात धुऊन वेगळा करावा लागतो आणि त्यालाच केंद्राची बरीच वीज खर्च होते. रिफायनरीत आणि खताच्या कारखान्यात हायड्रोजन बनवताना तो बराच दाट मिळतो म्हणून गंधारसाठी कोयली निवडलं. आणि चंद्रपूरहून गंधार सरळ रेषेत सातशे किलोमीटरच्या आसपास. तुमच्या घरावर बसते ती भुकटी आणि राख यांचा सीओटूशी संबंध नाही, ती फिल्टरनं, पाणी मारून, झाकलेल्या गाड्यांनी थांबते आणि ते आजच करता येतं, त्यासाठी तेलाची वाट पाहायची गरज नाही.

तुमच्याकडच्या कोळशाचं एक आहे. कोळशात मिथेन चिकटलेला असतो आणि सीओटू कोळशाला मिथेनपेक्षा जास्त घट्ट चिकटतो, म्हणून सीओटू सोडला की मिथेन सुटतो. अमेरिकेत सॅन हुआन खोऱ्यात १९९५ पासून करून पाहिलं. पण सीओटू पिऊन कोळसा फुगतो आणि स्वतःच्याच भेगा बुजवतो, त्यामुळे हळूहळू गॅस आत जाईनासा होतो.

घुग्घुस_धूळ
समजलं. धन्यवाद. झाकलेल्या गाड्यांचं ग्रामसभेत परत मांडतो.

संत्रा_मोर्शी
सगळ्यांचे आभार. मी हे सगळं बाबाले वाचून दाखवलं, ढेपेचं त्यायले लगेच पटलं. आता काका शेवटचं, आमच्या बोअरमधी त्याची मशीन काही करन काय, हो का नाही ते सांगा.

जुना_रिगवाला
नाही. कारण सांगतो म्हणजे बाबांना सांगता येईल.

तेलाच्या विहिरीत आवाजाचं काम काय, तर पाण्यात अडकलेला तेलाचा थेंब सोडवणं. तुमच्या बोअरमध्ये पाणी एकटं आहे, सोडवायला दुसरं काही अडकलेलंच नाही. आपला खडक काळा पाषाण, बेसाल्ट, वाळूच्या खडकासारख्या पोकळ्या त्यात नाहीत, पाणी भेगांतून आणि दोन थरांच्या मधल्या मुरमाड पट्ट्यांतून येतं. त्या भेगांतलं पाणी उपसून संपलं असेल तर आवाज पाणी कुठून आणणार. अर्धा तास चालून हवा ओकतो म्हणजे भेग भरायला वेळ लागतो आहे, तुमच्या पट्ट्यात उपसा पावसापेक्षा जास्त झालेला आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

आणि गॅस तर पिण्याच्या पाण्यात कोणाला सोडूच देऊ नका.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगतो, पूर्णा नदीच्या गाळाच्या पट्ट्यात जाळीचे पाइप टाकलेले ट्यूबवेल असतात, त्यांची जाळी क्षारानं बुजली तर कंपनानं साफ होऊ शकते. तुमचा बोअर तसा नाही. भेगेत माती बसली असेल तर साध्या कंप्रेसरनं फ्लशिंग करा, म्हणजे हवेनं बोअर धुऊन काढा. पाण्याचा जोरदार दाब देऊन भेगा मोकळ्या करण्याची पद्धत, हायड्रोफ्रॅक्चरिंग, आपल्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेनं कठीण खडकातल्या हातपंपांवर वापरलेली आहे, त्यांच्या जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा. पण त्यानं भेग मोठी होते, पाऊस नाही वाढत.

काही करायच्या आधी मोजा. दोनशे लिटरचा ड्रम ठेवा, किती मिनिटांत भरतो ते लिहा, दोरीला वजन बांधून पाणी किती फुटांवर आहे ते लिहा, सकाळी मोटर लावायच्या आधी. जो कोणी काम करेल त्याच्यासमोर आधी मोजा आणि पंधरा दिवसांनी परत.

संत्रा_मोर्शी
केलं काका. नऊशेवाल्या बोअरचा ड्रम ५ मिनिटं १० सेकंदाले भरला, पाणी सकाळी ४३० फुटावर लागलं. त्या माणसाले म्हटलं अर्धे पैसे मोजल्यावर देतो, त्यानं नाही म्हटलं. काल फ्लशिंग केली, पहिला तासभर नुसतं तांबडं पाणी आलं, मंग ड्रम ४ मिनिटं २० सेकंदाले भरला. पंधरा दिवसांनी परत मोजून इथंच टाकतो.

जुना_रिगवाला
तांबडं पाणी म्हणजे दोन थरांमधली लाल माती, ती बसलेली होती. चांगलं झालं. पाऊस लागायच्या आधी शेतातलं वाहून जाणारं पाणी गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडायची सोय करा, थेट बोअरमध्ये नका सोडू, फवारणीची औषधं खाली जातील.

संत्रा_मोर्शी
खड्डा किती खोल घेऊ, आन् खाली मोठे दगड टाकायचे का वर? जागा बोअरपासून दहा फुटावर आहे.

जुना_रिगवाला
मोठे दगड खाली, मग गिट्टी, वर जाड रेती. सहा फूट खोल पुरे. रेती दर वर्षी मे महिन्यात काढून धुवायची, नाही तर दुसऱ्याच पावसाळ्यात खड्डा बुजतो.